कुत्रं जातं तेव्हा घरातून काय जातं

घरातलं कुत्रं गेलं की त्याच्या जाण्याचा खरा धक्का बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी पहाटे बसतो. आदला दिवस दवाखान्यात, खड्डा खणण्यात किंवा दहनाची सोय लावण्यात, कुणाकुणाला फोन करण्यात निघून जातो. पहाटे मात्र रोजच्या वेळेला जाग येते आणि हात आपसूक दाराजवळच्या खिळ्यावरच्या पट्ट्याकडे जातो. दुपारी कुकर उतरवल्यावर बिनमिठाच्या भाताचं लहान भांडं बाजूला निवत ठेवलं जातं, आणि ठेवल्यावर आठवतं. दाराच्या तळाशी नखांचे ओरखडे असतात, सोफ्याच्या फटीत केस असतात. बेल वाजते आणि कुणी भुंकत नाही. अशा घरातल्या माणसांना आपण शहाणपणानं सांगतो, की अहो, कुत्रंच होतं ते, किती मनाला लावून घ्याल? हा सल्ला चुकीचा आहे, असं मला ठामपणे वाटतं. कुत्र्यामागे होणारं दुःख भाबडेपणातून किंवा अतिरेकातून येत नाही. एका खऱ्या, दोन्ही बाजूंनी जपलेल्या नात्याच्या मापाचं ते असतं. ते माप नीट पाहिलं, तर प्रेम कशाचं बनलेलं असतं याबद्दलही आपल्या काही समजुती बदलाव्या लागतात.

माणूस गेल्यावर काय करायचं हे आपल्या समाजानं ठरवून ठेवलं आहे. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, शेजारचे पिठलं-भात आणून देतात, भेटायला येणारे येतात, दहावं-तेरावं होतं, कचेरीतून रजा मिळते. या चालीरीतींचा धर्माशी जेवढा संबंध आहे, तेवढाच मनाशीही आहे. रडायला त्यातून जागा मिळते आणि ते रडणं चारचौघांत मान्य होतं. कुत्रं गेल्यावर यातलं काहीच नसतं. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखांबद्दल एक महत्त्वाची मांडणी केली. काही नुकसानं समाज नुकसान म्हणून धरतच नाही, त्यामुळे ती सोसणाऱ्याला शोक करण्याचा हक्कही मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. गर्भपात, लोकांपासून लपवलेलं नातं, घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू आणि पाळीव प्राण्याचा मृत्यू ही सगळी त्यात येतात. अशा वेळी दुःखाच्या जोडीला लाजही येते. माणूस ‘बरं वाटत नाही’ म्हणून सुट्टी घेतो आणि डोळे का सुजलेत याचं दुसरंच काहीतरी कारण सांगतो. दुःख तेवढंच राहतं, वाटून घेणारं मात्र कुणी उरत नाही.

यावर पहिला आक्षेप अगदी व्यवहारी आहे. कुत्र्याचं प्रेम म्हणजे भाकरीचं प्रेम, जो घास टाकेल त्याच्यामागे ते शेपूट हलवत जाईल, मग अशा एकतर्फी गोष्टीला नातं कसं म्हणायचं? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो खरा असता तर पुढचं सगळंच कोसळलं असतं. सुदैवानं गेल्या तीसेक वर्षांत यावर बरंच काम झालं आहे. बुडापेस्टच्या योत्व्योश लोरांद विद्यापीठातल्या योझेफ तोपाल, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मूल आईशी कसं बांधलेलं आहे हे पाहण्यासाठी मेरी एन्सवर्थ यांनी तयार केलेली चाचणी त्यांनी कुत्र्यांसाठी वापरली. अनोळखी खोली, त्यात मालक आणि एक परका माणूस. दोघे आळीपाळीनं बाहेर जातात आणि परत येतात. ५१ कुत्र्यांवर हे करून पाहिलं. मालक खोलीत असताना कुत्री जास्त खेळली, जास्त हुंगत फिरली. तो बाहेर गेला की दाराशी उभी राहिली, आणि तो परतल्यावर त्यांनी परक्यापेक्षा वेगळंच स्वागत केलं. खोलीत कुणीतरी माणूस असणं त्यांना पुरेसं नव्हतं. आपलं माणूस जवळ असलं की नव्या जागेची भीती कमी होते, हे आईजवळच्या मुलाच्या बाबतीत दिसतं तेच इथे दिसलं.

अमेरिकेत अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या ग्रेगरी बर्न्स यांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी कुत्र्यांना जागेपणी, न बांधता, भूल न देता एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवलं. सुरुवात त्यांच्या स्वतःच्या कॅली नावाच्या कुत्रीपासून झाली. हनुवटी टेकवायला मापानं घडवलेली बैठक, यंत्राच्या आवाजापासून जपण्यासाठी कानांवर आच्छादन आणि महिनोन्महिने धीरानं केलेला सराव. कुत्र्याला नको वाटलं तर ते उठून चालू पडायला मोकळं होतं. एका प्रयोगात १२ कुत्र्यांना पाच वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, परक्या कुत्र्याचा, ओळखीच्या माणसाचा आणि परक्या माणसाचा. ओळखीचं माणूस त्या वेळी तिथे हजर नव्हतं, होता तो फक्त कापडावरचा त्याचा वास. काहीतरी चांगलं मिळणार आहे या अपेक्षेनं मेंदूचा जो भाग जागा होतो, तो या वासाला सगळ्यात जास्त जागा झाला. नंतर २०१६ साली १५ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात खाणं आणि मालकाची शाबासकी यांची थेट तुलना झाली. नऊ कुत्र्यांच्या मेंदूला दोन्ही सारखीच मोलाची वाटली, चौघांना शाबासकी जास्त मोलाची वाटली आणि दोघांनीच खाण्याला झुकतं माप दिलं. मग त्याच कुत्र्यांना मोकळं सोडून, एकीकडे खाण्याचा वाडगा आणि दुसरीकडे पाठमोरा बसलेला मालक, असा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. मेंदूनं आधी जो कौल दिला होता, साधारण त्याच दिशेनं कुत्री गेली. प्रयोग छोटे आहेत आणि यंत्रात शांत पडून राहणारी कुत्री निवडक असतात, हे मान्य करायला हवं. पण ‘फक्त भाकरीसाठी’ हे विधान त्यांच्यापुढे टिकत नाही.

जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांचं २०१५ सालचं काम या संदर्भात नेहमी सांगितलं जातं, आणि ते सांगण्यासारखंच आहे. कुत्रा आणि मालक यांना अर्धा तास एकत्र सोडलं, आधी आणि नंतर दोघांच्या लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. आई बाळाला पाजते तेव्हा तिच्या शरीरात वाढणारं, मायेशी आणि विश्वासाशी जोडलेलं हे संप्रेरक. ज्या जोड्यांमध्ये कुत्रं मालकाच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होतं, त्या जोड्यांमध्ये दोघांचंही ऑक्सिटोसिन वाढलं. माणसांनी लहानपणापासून वाढवलेल्या लांडग्यांमध्ये असं काही आढळलं नाही. आईचं आणि तान्ह्याचं एकमेकांकडे बघणं ज्या यंत्रणेवर चालतं, तीच यंत्रणा इथे दोन वेगळ्या प्रजातींना जोडते आहे. घरातलं कुत्रं लेकरासारखं होतं असं कुणी म्हणतं तेव्हा आपण ती बोलण्याची पद्धत समजतो. शरीराच्या पातळीवर ते विधान बरंच नेमकं आहे.

इथे दुसरा, अधिक कसलेला आक्षेप येतो. तो मांडला जॉन आर्चर या मानसशास्त्रज्ञानं १९९७ साली. मुलांना वाढवण्यासाठी उत्क्रांतीनं माणसाला जी माया दिली, तिचा फायदा पाळीव प्राणी उठवतात, त्या अर्थानं ते आपल्यावर बांडगुळासारखे जगतात, असा त्यांचा युक्तिवाद. त्याला बळ देणारा पुरावाही नंतर मिळाला: भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा एक स्नायू कुत्र्यांमध्ये नीट वाढलेला असतो, लांडग्यांमध्ये तो जवळजवळ नसतोच. २०१९ साली हे प्रसिद्ध झालं. म्हणजे ज्या केविलवाण्या नजरेनं आपण विरघळतो, ती हजारो वर्षांच्या निवडीतून घडली आहे. मला हा पुरावा पूर्ण मान्य आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. तान्ह्या बाळाचे मोठे डोळे आणि गोबरे गालही निवडीतूनच घडले, त्यांच्याकडे पाहून आई विरघळते म्हणून तिची माया फसवणूक ठरत नाही. एखादी भावना कुठून आली हा एक प्रश्न आहे आणि ती खरी आहे की नाही हा दुसरा. शिवाय बांडगूळ झाडाकडून घेतं आणि झाड वाळतं. कुत्र्यानं राखण केली, शिकारीत साथ दिली, मेंढरं वळली, आंधळ्यांना रस्ता दाखवला, आणि असंख्य एकट्या माणसांना सकाळी उठायला कारण दिलं. स्वतः आर्चर यांनीही पाळीव प्राण्याच्या मृत्यूनंतरच्या शोकाचा अभ्यास केला आणि तो माणसामागच्या शोकाशी मिळताजुळता असल्याचं त्यांना दिसलं. ज्यानं हे प्रेम उत्क्रांतीच्या हिशेबात कोड्यासारखं मांडलं, त्याच्याच निरीक्षणात दुःख खरं निघालं.

कुत्र्याला माणूस बनवण्याचा मोह मात्र टाळायला हवा. पादत्राण चावल्यावर कान पाडून, नजर चुकवून बसलेलं कुत्रं अपराधी वाटतं. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हे तपासलं, तेव्हा असं दिसलं, की तो ‘अपराधी’ चेहरा मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो. काहीच न केलेल्या कुत्र्याला रागावलं तरी तो चेहरा येतो. त्याला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप होतो असं म्हणायला आधार नाही. त्याला आपला चेहरा आणि आवाज वाचता येतो, हे मात्र त्यातून कळतं. मला वाटतं, यामुळे नात्याची किंमत कमी होत नाही. उलट ते वाचणं किती बारीक आहे हे लक्षात येतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात २०१२ साली केलेल्या एका प्रयोगात १८ पैकी बहुतेक कुत्री रडण्याचं सोंग करणाऱ्या माणसाजवळ गेली, आणि विशेष म्हणजे तो माणूस परका असतानाही गेली. त्याला सहानुभूती म्हणायचं की नाही यावर अभ्यासक सावधपणे बोलतात. त्यांनी सावध राहावं हेच योग्य आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. कुत्र्याच्या प्रेमाबद्दल बोलताना ‘निरपेक्ष’ हा शब्द हटकून वापरला जातो, आणि तोच मला सगळ्यात कमी पटतो. कुत्र्याच्या अपेक्षा भरपूर असतात. वेळेवर खाणं हवं, सकाळ-संध्याकाळ फिरायला हवं, पावसाळ्यात कानांमागचे गोचीड कुणीतरी काढायला हवेत, दिवाळीत फटाके वाजले की कुणाच्या तरी पायाशी कॉटखाली जागा हवी. घरात दिवसभर एकटं ठेवलेलं कुत्रं दारं ओरबाडतं आणि रडतं. मारलेलं कुत्रं घाबरून राहतं किंवा चावतं. त्याचं प्रेम आपोआप टिकत नाही, ते सांभाळावं लागतं. फरक इतकाच, की त्याच्या सगळ्या अपेक्षा आपल्या हातात असलेल्या गोष्टींच्या असतात. आपली परीक्षेतली टक्केवारी, पगार, रंगरूप, लोकांत असलेला मान यांपैकी काहीच ते मागत नाही. ते आपला वेळ मागतं, आपलं लक्ष मागतं, आणि आपण संध्याकाळी परत यावं एवढं मागतं. माणसांच्या नात्यात आपण कितीतरी वेळा अपुरे पडतो, कारण तिथे अपेक्षा अशा असतात की त्या कधी पुऱ्या झाल्या हे कळतच नाही. कुत्र्याच्या बाबतीत रोज रात्री निजताना माणसाला माहीत असतं, की आज आपण पुरे पडलो. प्रेम म्हणजे मोठी भावना, मोठे शब्द, मोठा त्याग अशी जी चित्रं कथा-कादंबऱ्या आणि सिनेमे आपल्या मनात रुजवतात, त्यांच्या शेजारी हे दुसरं चित्र ठेवून पाहावं. वाडग्यातलं पाणी बदलणं, जंताचं औषध गुळात लपवून भरवणं, वर्षाला रेबीजची लस न विसरता टोचून आणणं. दहा-बारा वर्षं हे न चुकता केलं की त्यातून नातं तयार होतं. एरवी ज्याला आपण प्रेम म्हणतो, तेही खरं तर अशाच गोष्टींचं बनलेलं असतं, पण बोलण्याच्या गर्दीत ते दिसत नाही.

कुत्र्यामागचं दुःख इतकं का जाणवतं याचं उत्तरही मला इथेच सापडतं. दूरच्या गावी राहणारा, वर्षातून एकदा भेटणारा जवळचा नातेवाईक गेला तर आपल्याला वाईट वाटतं, पण आपल्या दिवसाची घडी बदलत नाही. कुत्रं दिवसाच्या प्रत्येक तासात असतं. म्हणून कुत्र्यासाठी आपण चुलत्यापेक्षा जास्त रडलो याची लाज वाटून घेणारी माणसं स्वतःवर अन्याय करतात. कुणाचं मोल जास्त हे त्यातून ठरत नाही. कुणाची गैरहजेरी दिवसातून किती वेळा समोर येते, एवढंच त्यातून कळतं. त्यात कुत्र्याचं आयुष्यही आखूड. मोठ्या जातींची कुत्री आठ-दहा वर्षं जगतात, लहान जातींची आणि आपली गावठी कुत्री नीट सांभाळली तर बारा-पंधरा. पिल्लू आणलं तेव्हा पहिलीत असलेली मुलगी कॉलेजात जाते तेव्हा ते म्हातारं झालेलं असतं. तिच्या सगळ्या शालेय आयुष्याचा साक्षीदार तिच्या आधी जातो, आणि बहुतेक वेळा मृत्यूशी तिची जवळून गाठ पहिल्यांदा त्याच वेळी पडते. अशा मुलांना ‘त्याला शेतावर पाठवलं’ किंवा ‘ते पळून गेलं’ असं सांगणाऱ्या आईवडिलांचा हेतू चांगला असतो, पण ते मुलाला वाट पाहत ठेवतात. ते मेलं, ते परत येणार नाही, आपण सगळ्यांनी त्याची काळजी घेतली होती, हे साध्या शब्दांत सांगितलेलं मुलं झेलतात.

हे सगळं पाश्चात्त्य, पैसेवाल्या लोकांचं खूळ आहे, असंही म्हटलं जातं. आपल्याच शेतकऱ्याच्या घरात डोकावलं तरी हे म्हणणं गळून पडतं. बैल गेला त्या दिवशी त्या घरात घास उतरत नाही, त्याला आपल्याच शेतात पुरतात, आणि कुणी त्या माणसाला ‘बैलच होता’ असं म्हणत नाही. धनगराच्या वाड्याबरोबर मैलोन्मैल चालणारं कुत्रं त्या बिऱ्हाडाचंच माणूस असतं. खंडोबाबरोबर कुत्रा असतो, दत्तगुरूंच्या पायाशी चार असतात. कुत्र्यानं पळवलेली भाकरी कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव आपण लहानपणापासून ऐकत आलो. पारशी समाजाच्या अंत्यविधीत मृताला कुत्र्याच्या नजरेखालून जाऊ देण्याची रीत आहे, आणि मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध १८३२ साली मुंबईत पारशांनी रस्त्यावर येऊन दंगा केला होता. कुत्र्याला अपवित्र मानणारी परंपराही आपल्याकडे तितकीच जुनी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. महाभारतात या दोन्ही परंपरा समोरासमोर येतात. त्या ग्रंथाच्या आरंभी जनमेजयाचे भाऊ यज्ञाजवळ आलेल्या एका निरपराध कुत्र्याला मारतात. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते, कुणी उत्तर देत नाही, तेव्हा ती शाप देते. ग्रंथ संपत येतो तेव्हा युधिष्ठिराच्या मागे हस्तिनापुरापासून चालत आलेलं कुत्रं असतं, आणि कुत्रं बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही असं इंद्र सांगतो. ते ऐकूनही युधिष्ठिर त्याला सोडत नाही.

त्या प्रसंगात इंद्रानं घेतलेला आक्षेपच आज वेगळ्या शब्दांत घेतला जातो. तू भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग या कुत्र्याला सोडायला काय हरकत आहे? आजच्या भाषेत: जगात माणसं उपाशी मरतात आणि तुम्ही कुत्र्यासाठी रडता? युधिष्ठिराचं उत्तर फार विचारपूर्वक दिलेलं आहे. ते मरण पावले होते, त्यांना जिवंत करणं माझ्या हाती नव्हतं, जिवंतपणी मी त्यांना सोडलं नाही, असं तो सांगतो. आपल्या आश्रयाला आलेल्या जिवंत प्राण्याबद्दलचं कर्तव्य आणि भावांबद्दलचं प्रेम यांची तो एकमेकांशी वजाबाकी करत नाही. आजच्या आक्षेपात मात्र हीच वजाबाकी गृहीत धरलेली असते: माणसाजवळ मायेचा ठरावीक साठा आहे आणि कुत्र्याला दिलेला वाटा माणसांकडून काढून घेतला आहे, अशी ती समजूत. रोजच्या जगण्यात याला आधार दिसत नाही. रात्री उठून म्हाताऱ्या कुत्र्याची कूस बदलणारा हात आजारी आईची कूस बदलायलाही सरावलेला असतो. या आक्षेपात एक खरा भाग जरूर आहे. कुत्र्यावरच्या प्रेमाचा वापर माणसांपासून तोंड फिरवण्यासाठी होऊ शकतो. घरकाम करणाऱ्या बाईंना कप वेगळा आणि कुत्र्याला गादी, असं घर असू शकतं. त्या घराला दोष द्यावाच. पण तो दोष त्या माणसांच्या वागण्याचा आहे, कुत्र्यावर माया करण्याचा नाही.

या प्रेमाला उपयोगाची अट कधीच नव्हती, याचा फार जुना पुरावा जर्मनीत सापडला आहे. १९१४ साली बॉनजवळच्या ओबरकासेल इथल्या दगडखाणीत कामगारांना एक दफन सापडलं: एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एका कुत्र्याची हाडं. काळ सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे शेती सुरू होण्याच्याही आधीचा. २०१८ साली लुक यानसेन्स आणि सहकाऱ्यांनी त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले. दातांवर आवरण चढत असताना शरीर गंभीर आजारी पडलं तर त्यावर कायमच्या रेषा उमटतात. त्या रेषांवरून असं दिसलं, की हे सहा-सात महिन्यांचं पिल्लू होतं आणि साडेचार-पाच महिन्यांचं असताना त्याला डिस्टेंपर झाला असावा. आजही पिल्लांच्या मालकांना लस घ्यायला लावणारा हाच तो रोग. त्याच्या एकामागून एक गंभीर झटक्यांतून ते पिल्लू काही आठवडे तगलं. उलट्या, जुलाब, ताप आणि झटके यांत कुणी साफ केलं नाही, ऊब दिली नाही, पाणी पाजलं नाही, तर ते पहिल्याच झटक्यात गेलं असतं. शिकारीसाठी त्याचा उपयोग शून्य होता, राखणीसाठीही. तरी हिमयुगाच्या शेवटच्या काळातल्या, स्वतः रोज अन्न शोधत फिरणाऱ्या माणसांनी आजारी पिल्लाची शुश्रूषा केली, आणि शेवटी त्याला आपल्या माणसांबरोबर पुरलं. ते दोघे त्याच्याबद्दल काय बोलत होते हे कधीच कळणार नाही. त्यांनी काय केलं ते दातांवर लिहिलेलं आहे.

कुत्र्यांच्या बाजूनं मृत्यू कसा दिसत असेल, याबद्दल मात्र जपून बोलावं लागतं. टोकियोतला हाचिको सगळ्यांना माहीत असतो. कृषी विषयाचे प्राध्यापक हिदेसाबुरो उएनो १९२५ च्या मे महिन्यात कामाच्या ठिकाणीच वारले, आणि त्यांचं हे अकिता जातीचं कुत्रं ८ मार्च १९३५ ला मरेपर्यंत शिबुया स्थानकावर येत राहिलं. ते तिथल्या दुकानदारांनी दिलेल्या मांसाच्या तुकड्यांसाठी येत होतं, असं काही जण म्हणतात. पण १९३२ साली वर्तमानपत्रात छापून येण्याआधी स्थानकावर त्याला हाकललं, हिडीसफिडीस केलं जात होतं, तरी ते येतच होतं. प्राध्यापक मेले आहेत हे त्याला कळलं होतं असं म्हणता येत नाही. रोजची वेळ, रोजची जागा आणि त्या वेळेला येणारं ते माणूस ही त्याच्या दिवसाची घडी होती, आणि ती त्यानं मोडली नाही. घरात दोन कुत्री असतील आणि एक गेलं तर दुसऱ्याचं काय होतं, हे इटलीत ४२६ मालकांना विचारून २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाहिलं गेलं. बहुतेकांनी बदल सांगितले: खाणं कमी, झोप जास्त, खेळणं कमी, मालकाला चिकटून राहणं जास्त. ही माहिती मालकांनीच दिलेली आहे, त्यांच्या स्वतःच्या दुःखाचा रंग तिला लागलेला असणार, आणि मालकाच्या मनःस्थितीचा परिणाम कुत्र्यावर होतच असतो. तरीही उरलेल्या कुत्र्याचं खाणं, फिरणं आणि झोप त्याच वेळा धरून चालू ठेवावी, यासाठी एवढा पुरावा पुरेसा आहे.

शेवटचं दुखणं असाध्य असतं तेव्हा माणसासमोर असा प्रश्न येतो, जो इतर नात्यांत सहसा येत नाही. मूत्रपिंडं निकामी झालेलं, मागचे पाय गेलेलं कुत्रं दिवसेंदिवस वेदनेत असतं आणि डॉक्टर दयामरणाचा पर्याय सांगतात. होकार द्यायचा तो आपणच. नंतरच्या शोकात सर्वांत जास्त टोचतं ते हेच: आपण घाई केली का, किंवा फार उशीर केला का? या टोचणीला पूर्ण उत्तर नाही. पण निर्णय कशाच्या आधारे घ्यायचा, हे सांगता येतं. ते स्वतःहून खातं का, उठून बाहेर जातं का, ओळखीचा आवाज आल्यावर मान उचलतं का, वेदना औषधानं आटोक्यात राहते का. आणि चांगले दिवस जास्त आहेत की वाईट. रोज त्याच्याकडे बघणाऱ्या माणसाला याची उत्तरं डॉक्टरांपेक्षाही आधी माहीत असतात. इंजेक्शन देताना खोलीत थांबायचं की बाहेर, हाही अनेकांना पडणारा प्रश्न आहे. पाहवत नाही म्हणून बाहेर थांबणाऱ्याला कुणी बोल लावू नये. पण अनोळखी खोलीत आपलं माणूस असलं की कुत्र्याची भीती कमी होते, हे बुडापेस्टच्या प्रयोगात दिसलं होतं, आणि दवाखान्याची खोली ही त्याच्यासाठी अनोळखी जागाच असते. ज्याला जमेल त्यानं थांबावं, डोक्यावर हात ठेवावा आणि नेहमीच्या आवाजात बोलत राहावं. आधी भूल दिली जाते, मग ज्या औषधाच्या मोठ्या मात्रेनं हृदय थांबतं ते दिलं जातं. हे सगळं थोड्या मिनिटांत आटोपतं.

समाजाच्या बाजूनं थोडा बदल दिसतो आहे. मुंबई महापालिकेनं २०२३ साली मालाडमध्ये प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रतन टाटांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं, तेव्हा त्यांनी सांभाळलेल्या ‘गोवा’ नावाच्या कुत्र्याला तिथे आणलं गेलं आणि कुणाला ते वावगं वाटलं नाही. तरी बहुतेक गावांत आणि शहरांत मेलेल्या कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न घरच्यांना रात्री अकरा वाजता एकट्यानं सोडवावा लागतो. नगरपालिकांनी यासाठी एक जागा आणि एक फोन नंबर ठेवणं हे फार मोठं मागणं नाही. शेजाऱ्यांकडून अपेक्षा त्याहूनही साधी आहे. कुणाच्या घरचं कुत्रं गेल्याचं कळलं की पाच मिनिटं जाऊन बसावं, त्याच्याविषयी विचारावं आणि ऐकून घ्यावं. ‘दुसरं आणा म्हणजे विसराल’ हे वाक्य मात्र पहिल्या काही दिवसांत तरी कुणी उच्चारू नये.

दुसरं आणायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. लगेच आणलं म्हणून पहिल्याशी बेइमानी होत नाही, आणि पुन्हा कधीच आणलं नाही म्हणून कुणी कमकुवत ठरत नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर त्याच्या वयाचा, आपल्या नोकरीच्या वेळांचा, पुढची बारा-पंधरा वर्षं हे करू शकू का याचा हिशेब आधी करावा. पिल्लूच हवं असं नाही, आश्रयगृहांत आणि गल्लीत मोठी, शांत, लस टोचलेली कुत्री असतात आणि ती पटकन रुळतात. आलेल्याला आधीच्याचं नाव देऊ नये, त्याच्या सवयी याच्यात शोधू नयेत. ते कदाचित दहीभाताला तोंड लावणार नाही, फटाक्यांना भिणार नाही, पण छत्री उघडली की पळेल. त्याला कशाची भीती वाटते आणि कुठे खाजवलेलं आवडतं, हे पहिल्यापासून शिकावं लागेल, आणि त्याला साधारण वर्ष जाईल.